चेहरा कुणी काढला?

(भंडारदरा इथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातली पुनरुक्ती कमी केली आहे, भाषा वक्त्याचीच ठेवली आहे.)



काजव्यांचे दिवस असते तर मी तुम्हाला असं खोलीत बसवून ठेवलंच नसतं. पण आज आलाच आहात, तर तासभर एका अशा विषयावर बोलू, ज्याला आपल्याकडे कुणी व्याख्यानाचा विषय मानत नाही. विषय आहे कॉमिक. चित्रकथा म्हणा हवं तर.

सुरुवातीला जरा हात वर करा. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम. ही तिन्ही नावं आधी ऐकलेली मंडळी किती? दोन. बरं. आता सुप्पांडी कोणाला माहीत आहे? नागराज? ‘अमर चित्र कथे’तला कृष्ण? बघा, मागच्या बाकावरचे गुरुजीसुद्धा हात वर करून बसलेत. म्हणजे काढलेलं आपल्या सगळ्यांना माहीत, काढणारा कोणालाच नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाद घालायला सोपं जाईल. चित्रकथेत चित्रकार हाही लेखक असतो. आणि लेखक म्हटला की दोन गोष्टी बरोबर येतात. एक श्रेय, दुसरा जाब. आपण या माणसांना श्रेय दिलं नाही, त्यामुळे त्यांना जाबही विचारला नाही. यात त्यांचं नुकसान झालं ते झालंच, पण आपलं जास्त झालं.

आधी माणसं कोण ते सांगतो.

‘अमर चित्र कथा’ १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केली. पै मूळ कारकळचे. प्रकाशक होते इंडिया बुक हाउस. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा अंक ‘कृष्ण’. तिथून आपण ओळखतो ती अमर चित्र कथा सुरू झाली. ‘कृष्ण’ची संहिता पैंची आणि चित्रं राम वाईरकरांची. पुढे १९८० साली ‘टिंकल’ निघालं आणि त्यात काही वर्षांनी सुप्पांडी आला. ते लांबट डोकं, त्यावर शेंडीसारखे उभे चार केस, ही वाईरकरांचीच करणी. वाईरकर २००३ साली गेले. पुढे सुप्पांडी काढला तो त्यांच्या मुलीने, अर्चना आंबेरकर यांनी.

दुसरे प्रताप मुळीक, पुण्याचे. इंग्रजीत आडनावाचं स्पेलिंग असं काही छापलं जायचं की बाहेरच्या माणसाला ते बंगाली मल्लिक वाटावेत. अमर चित्र कथेतला ‘शिवाजी’ मुळीकांनी काढला. त्याची संहिता होती भा. रा. भागवतांची. हो, फास्टर फेणेवाले भागवत. म्हणजे मराठी मुलांचा लाडका लेखक आणि पुण्याचा चित्रकार यांनी मिळून इंग्रजीतलं शिवचरित्र केलं, आणि ते देशभरातल्या मुलांनी वाचलं. पुढे अमिताभ बच्चनला महानायक करून ‘सुप्रीमो’ नावाचं कॉमिक निघालं, त्याची चित्रं मुळीकांची. आणि १९८६ साली दिल्लीच्या राज कॉमिक्सने ‘नागराज’ काढला. लेखक परशुराम शर्मा, चित्रकार पुन्हा मुळीक. हिंदी मुलुखातल्या लाखो पोरांचा हिरवा महानायक एका पुणेकराच्या हातून उतरला. शिवाय मुळीकांनी रेखाटनावर पुस्तक लिहिलं, ते ज्योत्स्ना प्रकाशनाने छापलं. चित्रकलेच्या मुलांना ते नाव तिथून माहीत असतं, नागराजमुळे नाही.

तिसरे दिलीप कदम. अमर चित्र कथेतलं ‘बाबासाहेब आंबेडकर’, साल १९७९, चित्रं कदमांची. मग १९८५ ते १९८९ या काळात निघालेलं बेचाळीस अंकी ‘महाभारत’, तेही कदमांचं. अंक बत्तीस पानी धरला तर तेराशेच्या आसपास पानं होतात. टीव्हीवर चोप्रांचं महाभारत १९८८ला आलं. त्याआधी तीन वर्षं कदमांचे कौरव-पांडव घरोघरी लढत होते. राज कॉमिक्सचा ‘भोकाल’ही त्यांनी काढला.

आता कोणी म्हणेल, गोष्ट व्यासांची, संहिता दुसऱ्याची, मग चित्रकार लेखक कसा? तो तर सांगितलेलं काढतो.

तर कॉमिकचं पान कसं होतं ते बघू. संहितेत लिहिलेलं असतं, समजा, “राजा दरबारात येतो. तो रागावलेला आहे.” बस. आता राजा किती वयाचा? जाड की सडपातळ? रंग कोणता? आपण त्याच्याकडे खालून बघतोय की वरून? खालून बघितला तर तो डोंगराएवढा दिसतो, वरून बघितला तर बिचारा दिसतो. दरबारातली बाकीची माणसं घाबरलीत की कंटाळलीत? चौकट मोठी की छोटी? हे सगळं ठरवायला बसतो चित्रकार. आधी पेन्सिल, मग शाई. पानात पाच-सहा चौकटी धरल्या तर एका अंकात दीडशेच्या वर चित्रं होतात, आणि त्या प्रत्येकात असे पाच-दहा निर्णय. फुग्यातलं वाक्य मूल एकदा वाचतं. चेहरा मात्र जन्मभर राहतो. तुम्ही आत्ता डोळे मिटून कृष्ण आठवा. आलेला चेहरा पुराणातून आलेला नाही, कुठल्या तरी चित्रकाराच्या हातून आलेला आहे.

संपादकही काही कमी ताकदवान नव्हता, हेही सांगायला हवं. ‘कृष्ण’च्या पहिल्या आवृत्तीत गोवर्धन उचलण्याचा प्रसंग पैंनी टाळला होता. चमत्कार फार नकोत, असा त्यांचा विचार. नंतरच्या आवृत्तीत गोवर्धन आला. म्हणजे काय दाखवायचं ते संपादक ठरवत होता, वाचकही थोडं ठरवत होता. पण कसं दाखवायचं, ते वाईरकरांच्या ब्रशवर होतं. लेखकपण असं वाटलं गेलेलं आहे. नाटकात नाही का, नाटककार वेगळा, दिग्दर्शक वेगळा, नट वेगळा? तिथे आपण प्रत्येकाचं वेगळं परीक्षण करतो. इथे का नाही?

आता थोडं परीक्षणच करू.

या तिघांच्या मागे एक मोठी परंपरा उभी आहे. रविवर्म्याची छापील चित्रं, दीनानाथ दलालांची ‘दीपावली’ची मुखपृष्ठं, रघुवीर मुळगावकरांची कॅलेंडरं. तुमच्या आजीच्या देव्हाऱ्यामागे जो गुळगुळीत, तेजस्वी देव होता, तो याच घराण्यातला. दलाल आणि मुळगावकर दोघंही मूळ गोव्याचे. हा देव मराठी चित्रकाराच्या हातात बसलेलाच होता. अडचण एवढीच की कॅलेंडरमधला देव नुसता उभा असतो. कॉमिकमधल्या देवाला पळावं लागतं, पडावं लागतं, गदा फिरवावी लागते. पुढच्या चौकटीत पाठमोरं दिसावं लागतं आणि तरी तो तोच आहे हे कळावं लागतं.

मुळीकांचं मोठेपण मला इथे दिसतं. शरीराची रचना त्यांना पाठ होती. कॅलेंडरच्या देवाला त्यांनी हाडं आणि स्नायू दिले. नागराज नीट बघा. वरवर तो परदेशी सुपरहीरोचा भाऊ वाटतो. पण तो उभा राहतो कसा, छाती काढतो कशी, ते आपल्या पौराणिक वीराचं आहे. अंगावर खवले, मनगटातून साप निघतात. ज्या देशात नागपंचमीला नागाला दूध ठेवतात, तिथे सापांचा महानायक पोरांना परका वाटलाच नाही. मुळीकांनी ‘सुपरमॅन’ची नक्कल केली असती तर तो दोन वर्षांत विसरला गेला असता.

वाईरकरांचे दोन हात होते असं मला वाटतं. एक हात ‘कृष्ण’ काढणारा. नेमका, गोड, जरा घाबरलेला, देवाच्या बाबतीत चूक होऊ नये म्हणून. दुसरा हात सुप्पांडी काढणारा. त्या हाताला कुणाची भीती नाही. दोन रेघांत मालक चिडलेला, तीन रेघांत सुप्पांडी गोंधळलेला. माझ्या मते वाईरकर मोठे चित्रकार ठरतात ते या दुसऱ्या हातामुळे. आणि सुप्पांडी नोकर आहे, हे विसरू नका. सांगितलेलं शब्दशः करतो आणि फजिती होते. आपण हसतो त्याला. पण वाईरकरांची चित्रं बघा, मालकाचा चेहराही तितकाच हास्यास्पद आहे. हुकूम देणाराही वेडा दिसतो. हे संहितेच्या शब्दांत नाही सापडत, ते रेघेत आहे.

कदमांची ताकद गर्दीत आहे. युद्धाच्या पानात शंभर माणसं, घोडे, रथ, आणि तरी कोण कोणाला मारतंय ते आठ वर्षांच्या पोराला कळतं. हे सोपं वाटतं, ते काढून बघा म्हणजे समजेल.

इथपर्यंत श्रेय झालं. आता जाब.

अमर चित्र कथेचे पाच-सहा जुने पौराणिक अंक घ्या आणि रंग बघा. देव निळे असतील, ते सोडा. राजपुत्र, ऋषी, नायिका साधारण गोरे. राक्षस काळे-तपकिरी, जाड ओठांचे, सुळे बाहेर आलेले. आणि रानात राहणारी माणसं? ती बहुतेक वेळा राक्षसाच्या जवळच्या रंगात. हे एकट्याने केलेलं नाही. मागून आलेली रीत होती, संपादकाला चालत होती, ग्राहकाला आवडत होती. पण ब्रश चित्रकाराच्या हातात होता.

अकोले तालुक्यात बसून हे बोलणं मला महत्त्वाचं वाटतं. इथे महादेव कोळी आहेत, ठाकर आहेत. रान इथे घर आहे. इथल्या मुलाने तो अंक उघडला तर त्याच्या रंगाचा, त्याच्या आजोबांच्या बांध्याचा माणूस त्याला कुठे सापडतो? सिंहासनावर नाही. झाडामागे, हातात सोटा घेतलेला सापडतो. मूल बोलत नाही काही. पण चित्र काढायला बसलं की राजाला गोरा रंग देतं. गुरुजी, तुमच्या वर्गात बघा एकदा.

महाभारत काढणाऱ्या प्रत्येकाला एकलव्यापाशी थांबावं लागतं. हा मुलगा कसा दिसतो? गोष्ट म्हणते, तो अर्जुनापेक्षा सरस. मग तो चित्रात अर्जुनापेक्षा देखणा असायला काय हरकत आहे? हा प्रश्न चित्रकाराला विचारायचा असतो. आणि विचारायचा तर त्याचं नाव माहीत पाहिजे. म्हणून मी म्हणतो की श्रेय आणि जाब जोडीने येतात.

याच्या उलट काय होऊ शकतं, त्याचं एक उदाहरण देतो. बाबासाहेबांवरची दोन पुस्तकं शेजारी ठेवू. एक कदमांचं, १९७९चं. दुसरं ‘भीमायन’, २०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने काढलेलं. त्याची चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांची. मूळ मध्य प्रदेशातली माणसं. संहिता श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांची.

कदमांचं पुस्तक ओळखीच्या शिस्तीचं आहे. चौकटी, क्रमाने आयुष्य, ओळखू येणारा चेहरा. तेव्हा त्याचं काम मोठं होतं. देवादिकांच्या आणि राजांच्या रांगेत, त्याच किमतीत, त्याच कागदावर बाबासाहेब येऊन बसले. आंबेडकर घराघरात नेणारं ते पुस्तक होतं आणि तो चेहरा कदमांनी सन्मानाने काढला.

‘भीमायन’मध्ये चौकटच नाही. माणसांना डब्यात कोंडायचं नाही, असं व्याम दांपत्याने ठरवलं. त्यांच्याकडे भिंतीवर काढायची जी नक्षी असते, तिनेच पान विभागलं जातं. पुस्तकाचे भाग तीन: पाणी, निवारा, प्रवास. आगगाडी सापासारखी सरपटत जाते. आणि बोलण्याचे फुगे बघा. चांगलं बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा. ज्याच्या बोलण्यात विष आहे, त्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. जातीचा अपमान कसा लागतो हे समजावायला याहून जास्त शब्द कशाला हवेत? नांगी बघितली की कळतं. विंचू म्हणजे काय, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही.

हे पुस्तक सगळ्यांना सोपं जात नाही, तेही सांगतो. कदमांचं पुस्तक मूल एका बैठकीत वाचतं. ‘भीमायन’ला थांबत थांबत जावं लागतं, नजर कुठून कुठे न्यायची ते शोधावं लागतं. दोघांनाही जागा आहे. पण ‘भीमायन’च्या मुखपृष्ठापासून व्यामांचं नाव आहे आणि त्यावर जे जे लिहिलं गेलं, त्यात पहिली चर्चा त्यांच्या चित्रांची आहे. कदमांच्या पुस्तकावर तशी चर्चा आपण मराठीत कधी केली?

इथे एक आक्षेप नेहमी येतो. “अहो, नाव न लावणं हीच आपली परंपरा. रतनवाडीच्या अमृतेश्वरावर शिल्पकाराचं नाव कुठे आहे?” खरं आहे, नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. एकेका गोष्टीची चित्रांची पोथी, एक चित्र दाखवायचं, गाऊन सांगायचं, मग पुढचं चित्र. कॉमिकचा मराठी आजोबाच म्हणा. त्या जुन्या पोथ्यांवरही चित्रकाराची सही नसते.

पण मंडळी, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. पोथीवर कुणाचंच नाव नव्हतं, ती सगळ्या घराण्याची होती, आणि ज्याने काढली त्याच्याच घरात राहिली. ती कला जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली, तीही नावानिशी. कॉमिकवर नावं होतीच. प्रकाशकाचं होतं, मालिकेचं होतं, संपादकाचं होतं. चित्रकाराचं नाव असलं तर आतल्या पानावर, बारीक अक्षरात. याला परंपरा म्हणत नाहीत. तुमच्या या धरणाचंच बघा. १९२६ला पुरं झालं. विल्सन डॅम, आर्थर लेक. नाव द्यायची पद्धत होतीच की! फक्त दगड घडवणाऱ्याला ती लागू नव्हती.

‘चिंटू’चं उदाहरण घ्या. १९९१ साली ‘सकाळ’मध्ये सुरू झाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर. वाचकांना दोन्ही नावं पाठ आहेत, कारण ती रोज डोळ्यांसमोर होती. त्यामुळे आज आपण म्हणू शकतो की चिंटू, पप्पू, मिनी, जोशीकाकू हे सगळं शहरी मध्यमवर्गाचं जग आहे, आणि ते असं का, असं विचारूही शकतो. नाव माहीत असलं की संवाद होतो.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो तुमच्यासाठी.

राघोजी भांगरे याच तालुक्यातले, देवगावचे. सावकार आणि इंग्रज यांच्याविरुद्ध उठले, १८४८ साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. समजा, उद्या त्यांच्यावर कॉमिक करायचं ठरलं. मुळीकांना शिवाजी महाराज काढताना आधार होता. महाराजांची जुनी चित्रं आहेत, डच ग्रंथातलं चित्र वा. सी. बेंद्रे यांनी लोकांपुढे आणलेलं होतं. राघोजींच्या काळी या डोंगरात फोटो काढायला कोण आलं होतं? चेहरा सगळा चित्रकाराला ठरवायचा आहे. नाक कसं, रंग कोणता, डोक्याला काय बांधलंय, घोंगडी कशी घेतलीय. मुंबईतल्या हुशार चित्रकाराला काम दिलं तर त्याच्या हातून सवयीने काय उतरेल? उंच, गोरा, पिळदार, घोड्यावर बसलेला. या कड्यांवर घोडा चालवून दाखवा मला! आणि एकदा तो चेहरा छापला गेला की पुतळे तसे होतील, बॅनर तसे होतील, शाळेच्या स्नेहसंमेलनात तसाच पोशाख शिवला जाईल. शंभर वर्षं तोच राघोजी. म्हणून चित्र काढायच्या आधी विचारा, कोण काढतंय? ते इथे येऊन राहिलेत का? रतनगडाच्या वाटेवर चालणारी माणसं त्यांनी बसून रेखाटलीत का? मुळीकांनी पुस्तकात शिकवलं ते हेच, समोरचं माणूस बघून काढा.

एवढं बोलून थांबतो. काही प्रश्न असतील तर विचारा.

श्रोता: सर, आता पोरं मोबाईल बघतात. कॉमिक वाचतंय कोण? मग या सगळ्याचा उपयोग काय?

बरोबर आहे तुमचं. पण मोबाईलवर जो कार्टूनमधला भीम दिसतो, त्याचा चेहराही कुणीतरी ठरवलाच आहे ना? कागद गेला तरी प्रश्न गेला नाही. उलट आता तर नाव शोधायलाही अवघड. म्हणून सवय आत्ता लावायची.

एक विद्यार्थिनी: मला चित्र काढायला आवडतं. राघोजींचं चित्र मी काढू शकते का?

का नाही? काढ. आधी आजोबांना समोर बसव आणि त्यांचे हात काढ. मग पाय काढ. डोंगर चढून चढून पायाची बोटं कशी पसरतात ते बघ, ते कुठल्या कॉमिकमध्ये नाही. चेहरा शेवटी. आणि काम झालं की खाली उजव्या कोपऱ्यात तुझं पूर्ण नाव लिही, स्वच्छ अक्षरात. कुणी म्हणालं, “नाक असं का काढलंस?” तर उत्तर द्यायला तू आहेस, एवढं त्याला कळलं पाहिजे.

गुरुजी, तुमच्यासाठीही एक काम आहे. शाळेच्या ग्रंथालयाच्या रजिस्टरमध्ये पुस्तकाचं नाव आणि लेखकाचं नाव असे दोन रकाने असतात. तिसरा आखा, चित्रकार. उद्याच आखा. खर्च काही नाही, एक पट्टी आणि एक पेन लागेल. आणि मग वाईरकर, मुळीक, कदम ही नावं मुलांच्याच हातून लिहून घ्या.